रश्मीची खुर्ची

वालावल,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय भाई,

साष्टांग नमस्कार लिहिलाच आहे असं समज आणि बस. पत्र फोडलंस म्हणजे आता तू ते शेवटपर्यंत वाचणार. जन्मभर टपालखात्यात काढलेल्या माणसाला आलेलं पत्र अर्धवट टाकवत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हा मार्ग. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंस. फोनवर 'जेवलंस काय, पाऊस पडलो काय' याच्या पुढे मी सरकले की तुझी रेंज जाते. मुलुंडमध्ये एवढी रेंज जाते हे मी फक्त तुझ्याकडूनच ऐकलं.

तर बातमी अशी, की तुझी लेक माझ्याकडे राहायला आली आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेतून लांब रजा घेऊन आली. मागच्या पडवीत टेबल मांडून दिलंय, तिथे सकाळपासून लॅपटॉपला डोळे लावून बसते. जेवायला चार हाका माराव्या लागतात, पण बांगड्याचं तिखलं केलं की एकीतच येते. वाळली नाही, उलट जरा अंगाने भरली आहे. हे तू विचारणार नाहीस म्हणून आपणहून सांगते.

मुंबईतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर नवा विभाग निघतोय. त्याच्या प्रमुखपदाचा अर्ज ती भरते आहे. जानेवारीअखेर मुदत. सगळं आयुष्य तिने ज्या कामात घातलं ते काम, स्वतःची माणसं नेमून, स्वतःच्या डोक्याने करायला मिळणार. असं पद पुन्हा निघायला तिची निवृत्ती उजाडेल.

आता अडचण सांगते. शास्त्रज्ञाचं वजन कसं करतात हे मला या महिन्यात कळलं. त्याने लेख लिहायचा, तो छापून यायचा, आणि मग जगातल्या दुसऱ्या कुणी आपल्या लेखात 'हे मी अमक्याच्या कामावरून घेतलं' असं खाली नोंदवायचं. त्यातून एक आकडा काढतात, एच-इंडेक्स. तो वीस असेल, तर तुझे निदान वीस लेख असे, की त्यातल्या प्रत्येकाचा वीस किंवा अधिक वेळा कुणीतरी आधार घेतला. मी गणिताची मास्तरीण, मला हा हिशेब आवडला. नुसते ढीगभर लेख पाडून भागत नाही, आणि एकच लेख गाजवूनही भागत नाही.

या पदाला किमान वीस हवा. प्राजक्ता वालावलकरचा अकरा आहे. रश्मी पाटकरचा एकोणीस.

रश्मी पाटकर कोण हे तुला सांगायला नको. लग्नात समर्थ पाटकरने तांदळाच्या ताटात अंगठीने ते नाव लिहिलं तेव्हा तू शेजारी उभा होतास आणि 'नाव बरा आसा, सुटसुटीत' असं म्हणाला होतास. लग्नाआधीचे थोडे लेख प्राजक्ताच्या नावावर. लग्नानंतर सगळे कागद बदलले, लेखही रश्मी पाटकर म्हणून येऊ लागले, आणि नेमकी तीच तिच्या हाताला यश असलेली वर्षं निघाली. मग घटस्फोट झाला आणि ती परत प्राजक्ता वालावलकर झाली. बाहेरच्या जगाला वाटतं या दोन वेगळ्या बायका आहेत. एक मध्येच थांबली आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा लिहू लागली. दुसरी भराभर वर चढली आणि एक दिवस नाहीशीच झाली.

दोघींना एका खात्यावर आणणं सोपं आहे. मासिकांना आणि त्या नोंदी ठेवणाऱ्यांना कळवायचं, की ही आणि ती एकच. तेवढं केलं की झालं. पण ती तयार नाही. मी विषय काढला की म्हणते, "आत्ये, ते लेख त्या बाईचे. माका तिचा काय्येक नको."

का नको, ते तुला माहीत आहे. ती मुलुंडला परत आली त्या दिवशी मी तुझ्याच घरात होते. तू दारात उभा राहून म्हणालास, "रश्मी पाटकर म्हणान येवचा आसात तर ये. प्राजक्ता वालावलकर मी देवन टाकलंय, ता आता माझ्याकडे नाय." पोर बॅग घेऊन तशीच मागे फिरली. तेव्हापासून प्राजक्ता हे नाव तिने घट्ट धरून ठेवलंय, आणि रश्मीला आपलं म्हटलं तर भाई जिंकला, असं तिच्या मनाने घेतलंय. हट्टाच्या बाबतीत ती तुझीच मुलगी आहे, त्याला प्रतिज्ञापत्र नको.

मला तुझ्याकडून फार काही नको. तिला एक ओळ लिही, 'दोघी तूच' एवढीच. कार्डावर मावेल.

तुझी बहीण,
मथुरा

ता. क. मी तुला लिहिते हे तिला सांगितलेलं नाही.


वालावल,
६ डिसेंबर २०२४

प्रिय भाई,

कार्ड पोचलं. 'प्रकृती ठीक. इथे थंडी नाही. गुडघा बरा.' वाचून आनंद झाला. गुडघ्याबद्दल मी विचारलं नव्हतं, आणि जिच्याबद्दल विचारलं होतं तिच्याविषयी तू एक अक्षर लिहिलं नाहीस. चार वेळा कार्ड उलटसुलट करून पाहिलं. राग आला, खोटं कशाला बोलू.

पण तुझ्या रागावर वाया घालवायला आज वेळ नाही, कारण मला त्याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. परवा मालवणला डोळे दाखवायला गेले होते. येताना एस्टी स्टँडवर शिरोड्याच्या एक राधाबाई भेटल्या, बहिणीकडे आल्या होत्या. बरोबर तन्वी नावाची नात, दुसरी-तिसरीतली. ही नात कंडक्टरशी भांडत होती, कारण खिडकीची जागा त्याने आपल्या पिशवीला दिली होती. "पिशवेक वारो कित्याक होयो?" असं त्याला विचारत होती. मी हसले, तशा राधाबाई म्हणाल्या, "आता भांडता तितक्या भांडांदेत. दोन वर्सामागे हेका उभ्या रवाक येय नाय होता. रक्ताचो कॅन्सर होतो."

मी पिशवी खाली ठेवली आणि शेजारी बसले.

त्यांनी सगळं सांगितलं. गोव्याच्या हॉस्पिटलात औषध सुरू झालं. रोज घ्यायची गोळी होती, ती या पोरीला सोसेना. "गोळयेन रोग मरा होतो तसा चेडूय मरा होता. तोंडभर फोड, ताप, अंगात रक्त म्हणान नाय. मगे थंयच्या डॉक्टरान भिंतीवरचो एक कागद बघितल्यान नि गोळी उतरवन दिल्यान. पाटकर तक्तो म्हणतत तेका. तितक्या गोळयेन रोगय गेलो नि माझा चेडूय रवला."

भाई, प्राजूने मला हे पूर्वी समजावलं होतं, पण तेव्हा ते लॅपटॉपवर होतं. काही मुलांच्या शरीराला नेहमीचा डोस विषासारखा लागतो. मोठ्या शहरात महागडी तपासणी करून ते आधी कळतं, पण लहान गावातल्या डॉक्टरने काय करायचं? रश्मी पाटकरने कितीतरी मुलांच्या रक्ताच्या साध्या तपासण्या वर्षानुवर्षं जुळवून एक तक्ता बनवला, की आकडा इथे असेल तर गोळी एवढी. तो लेख आज तिच्या सगळ्या लेखांत सर्वांत जास्त संदर्भ दिला गेलेला. ज्या घरात ती नांदू शकली नाही त्या घराचं आडनाव दवाखान्यांच्या भिंतीवर चिकटून बसलंय, आणि जिने केलं ती माझ्या पडवीत बसून त्याच्याकडे पाठ फिरवते आहे.

"कोण गो ही पाटकर?" मी मुद्दाम विचारलं.

"खंयची तरी मोठी डॉक्टरीण आसतली. देवीची ओटी भरलंय, तिचीय भरूची आसा. भेटाक होयी मात्र."

मी राधाबाईंचा नंबर घेतला. माझी भाची म्हणून नाव सांगायला जीभ शिवशिवत होती, पण गप्प राहिले. हे सांगायचा हक्क माझा नाही.

घरी येऊन प्राजूला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. आधी तिने विचारलं गोळी किती चालू आहे, मग पांढऱ्या पेशी किती, मग वजन किती. मी म्हटलं, बाई, मी स्टँडवर होते, लॅबमध्ये नाही. मग सुपावर मान घालून तेच तांदूळ पुन्हा निवडू लागली. शेवटी म्हणाली, "तक्तो बरो होतो तिचो."

तिचो म्हणाली, माझो नाही.

मथुरा


वालावल,
२४ जानेवारी २०२५

प्रिय भाई,

तुझ्या दोन कार्डांमधून मुलुंडचं हवामान मला पाठ झालंय. आता माझ्याकडचं ऐक. हसून घे, कारण मी कालपासून एकटीच हसते आहे.

धोंडू आठवतो ना? गावडेवाडीतला, ज्याला मी दहावीला गणितात ओढून काढलं. तो आता ग्रामस्थ मंडळाचा अध्यक्ष आहे. प्राजू गावात आहे हे कळल्यावर मंडळाने ठरवलं की सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर तिचा सत्कार करायचा. इथवर ठीक. मग त्याने फोनवर 'सिंधुदुर्ग, रक्ताचा कॅन्सर, संशोधक' असं टाकून पाहिलं, आणि त्याला एकाऐवजी दोघी सापडल्या! एक आपली प्राजक्ता. दुसरी कुणी रश्मी पाटकर, सासर वेंगुर्ल्याचं असं एका जुन्या बातमीत छापलेलं. लग्न मुंबईत हॉलमध्ये झालं, गावाला सासरचं नाव कधी कळलंच नाही, सगळ्यांच्या तोंडी प्राजू ती प्राजूच. धोंडूला वाटलं, आपल्या जिल्ह्याची केवढी ही कमाई!

काल तिठ्यावर बॅनर लागला. डावीकडे प्राजूचा फोटो, 'सिंधुदुर्गची सुकन्या'. उजवीकडे 'सिंधुदुर्गची सून', आणि फोटो मिळाला नाही म्हणून तिथे काचेच्या चंबूचं चित्र. खाली शुभेच्छुक म्हणून धोंडूसकट अख्खं मंडळ, प्रत्येकाचा गॉगल लावलेला फोटो. दोन शाली आणल्या आहेत, दोन श्रीफळं, दोन खुर्च्या. रश्मी पाटकरचा पत्ता मिळाला नाही तेव्हा धोंडूने तिला एका जुन्या ईमेलवर निमंत्रण धाडलं आणि उत्तर आलं नाही याचा अर्थ होकार धरला.

धोंडू मला विचारायला आला होता. "बाई, सगळा बरोबर आसा मां?" मी बॅनर पाहिला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "एकदम बरोबर आसा." गणितात त्याला एवढे मार्क मी कधी दिले नव्हते.

आणि मग राधाबाईंना फोन केला की पाटकरबाई वालावलला येणार आहेत.

प्राजूने आज बॅनर पाहिला. घरी येऊन धाडकन दार लावलं. मी बाहेरून म्हटलं, धोंडूला सांगून एक खुर्ची काढायला लावू का? आतून फक्त लॅपटॉपच्या बटणांचा आवाज येत राहिला. अर्ज तिचा तयार आहे, अकरा आकड्याचाच. मुदतीला जेमतेम आठवडा उरलाय. असाच पाठवला तर तो पहिल्या चाळणीतच गळणार, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मला भीती वाटते, भाई. इतक्या वर्षांचं काम एका दारातल्या बोलण्यापायी वाया जायचं.

अजून वेळ आहे. फोन कर तिला.

मथुरा


वालावल,
२७ जानेवारी २०२५

भाई,

तू फोन केला नाहीस. ठीक आहे. त्याच्यावाचून अडलं नाही, ते कसं ते वाच.

झेंडावंदन सकाळी झालं, सत्कार दुपारी चारला. मैदान भरलेलं. स्टेजवर पाहुणे, आणि मधोमध पांढरे अभ्रे घातलेल्या दोन खुर्च्या. प्राजू डावीकडच्या खुर्चीत ताठ बसलेली, अबोली रंगाची माझी जुनी साडी नेसून. उजवी खुर्ची रिकामी. तिच्याकडे ती चुकूनही बघत नव्हती.

आधी तिचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या. मग सूत्रसंचालकाने रश्मी पाटकरांचा परिचय वाचायला घेतला. धोंडूने तो इंटरनेटवरून काढून मराठीत करून घेतला होता, आणि मराठी बरं होतं. या बाईंच्या तक्त्याचा आधार कोणकोणत्या देशांतल्या डॉक्टरांनी घेतला, कुठल्या कुठल्या हॉस्पिटलांनी आपली पद्धत त्यावरून बदलली, तो लेख आजवर किती जणांनी आपल्या लेखात नोंदवला. देशांची नावं संपेचनात. मी प्राजूकडे बघत होते. आपलं काम असं एका दमात कुणी मोठ्याने वाचून दाखवलेलं तिने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं असेल. तिचा कान आधी लाल झाला, मग डोळे.

"तर मी डॉक्टर रश्मी पाटकर यांना विनंती करतो की त्यांनी सत्काराचा स्वीकार करावा."

कुणी आलं नाही. सगळे फाटकाकडे बघू लागले. धोंडूने माईक घेतला आणि सांगितलं, "मॅडम ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या असाव्यात." वालावलात, भाई! म्हशी आडव्या आल्या तरी आपल्याकडे त्याला कुणी ट्रॅफिक म्हणत नाही. पोरं खिदळायला लागली.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून राधाबाई उभ्या राहिल्या. हातात खण, नारळ, तांदूळ. एका हाताला तन्वी. "येवची नाय काय ती? मी शिरोड्यासून गाडये बदलून इलंय. ह्या चेडू तिच्या कागदान रवला. तिका नुसता दाखवन जातलंय, आणि काय नको माका."

आणि प्राजू उठली. मला वाटलं चालली घरी. पण ती दोन पावलं चालून त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. नीट पदर घेऊन बसली.

धोंडू घाबरा होऊन कुजबुजला, पण माईक चालू होता, अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. "गो प्राजू, ती पाटकर मॅडमची खुर्ची."

तिने त्याच्या हातातून माईक घेतला. मला वाटलं आता पुण्याचं शुद्ध मराठी बोलेल. पण ती म्हणाली, "धोंडूदादा, खुर्ची बरोबर आसा. पाटकर मीच. तक्तो माझो. प्राजक्तान केला ताय माझाच काम, नि रश्मीन केला ताय माझाच. नाव कोणीय घातल्यानी, कोणीय काढल्यानी, रात्रंदिवस बसान काम मी केलंय. आज मी ता सगळा घेतंय."

अर्ध्या लोकांना उलगडा होईपर्यंत वेळ गेला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे दोनय आमचीच!" आणि भाई, जी टाळी पडली ना, ती काही केल्या थांबेना. धोंडू तर नाचायचाच बाकी होता, दोन सत्कारांच्या खर्चात एकच बाई निघाली तरी. दुसरी शाल त्याने तिला पहिलीवरच पांघरवली. जानेवारी असूनही बिचारी घामाघूम.

राधाबाईंनी स्टेजवर जाऊन ओटी भरली. घटस्फोटितेची ओटी भरावी की नाही अशी कुजबुज एका कोपऱ्यात व्हायला लागली होती. राधाबाईंनी वळून एकदा पाहिलं आणि ती थांबली. तन्वी प्राजूला निरखून बघत होती. म्हणाली, "गोळी लय कडू आसा तुझी." प्राजू हसायला लागली, हसता हसता रडली, आणि तिला मांडीवर घेऊन म्हणाली, "त्याचोय लेख लिवतंय थांब."

मी पण रडले. लपवत नाही. तू असायला हवा होतास, इतकं खरंच वाटलं.

घरी येऊन तिने हातपाय धुतले आणि दोन्ही नावं एकाच खात्यावर घेण्याचे अर्ज पाठवून दिले. आज दुपारी नव्या यादीसह तिचा मोठा अर्जही गेला. मला वाटलं होतं, अकरा आणि एकोणीस मिळून तीस होतील. तसं नसतं म्हणे. लेख एकत्र करून नव्याने मोजायचे असतात. मीच वही घेऊन मोजले, तिने तपासले.

तेवीस भरले, भाई. वीस हवे होते.

मथुरा


वालावल,
१८ मार्च २०२५

प्रिय भाई,

झाली. तुझी लेक विभागप्रमुख झाली.

मुलाखत घ्यायला पाच जण होते. त्यातले एक म्हातारे डॉक्टर परदेशातून खास आलेले. त्यांनी यादी पाहिली, चष्मा काढला, परत लावला आणि म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं एकमेकांना विचारतो आहोत, की त्या पाटकर गेल्या कुठे?" प्राजू म्हणाली, "कुठे नाही. इथेच होते." त्यानंतर त्यांनी तिला आणखी प्रश्न फारसे विचारलेच नाहीत, ती पुढे काय करणार तेवढंच ऐकत बसले. कडू गोळीचं लहान मुलांसाठी पातळ औषध करायचं, हे तिने सगळ्यांत आधी सांगितलं.

गावात पेढे वाटले. लक्ष्मीनारायणाला नारळ दिला. धोंडूने नवीन बॅनर लावलाय, या वेळी एकच फोटो, पण दोन्ही नावं, आणि गॉगलवाले तेच. एक तारखेपासून ती मुंबईत रुजू होते.

आता तुला पत्र लिहायचं कारण संपलं. तुझ्या एका ओळीवाचून तिचं काही अडलं नाही. ती उभी राहिली, स्वतःचं स्वतः उचललं आणि निघाली. मला तिचा इतका अभिमान वाटतो की छाती भरून येते. तुला तो वाटून घ्यायचा असेल तर घे. मी आग्रह करून करून दमले.

गुडघ्याला जप.

मथुरा


वालावल,
९ एप्रिल २०२५

चि. प्राजक्ता,

अनेक आशीर्वाद. ऑफिस लागलं का? खुर्ची बरी आहे का? हे पत्र आहे, मेसेज नाही, तेव्हा सावकाश वाच. फोनवर सांगितलं असतं, पण ज्याच्याबद्दल सांगायचंय तो इथे पडवीत हातभर अंतरावर बसलाय आणि त्याचे कान अजून शाबूत आहेत.

तुझा बाप आलाय.

मला एक गोष्ट सांगायची राहिली होती. तू इथे असताना मी त्याला तुझं सगळं लिहून कळवत होते. रागाव हवं तर. त्याने एकाही पत्रात तुझं नाव काढलं नाही, म्हणून मी हात टेकले होते. काल दुपारी मी काजू सोलत बसले होते, तर फाटकात रिक्षा थांबली. हा उतरला, गुडघा धरून, बगलेत एक जाडजूड पुडकं घेऊन. म्हणाला, "जेवलंस काय?" मी म्हटलं, "पाऊस पडलो नाय."

रिक्षा लवूची होती. लवू आत पाणी प्यायला आला तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. कुडाळला गाडीतून उतरल्यावर भाई घरी यायचं सोडून स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. हातात कागद होता, त्यावर माझ्या पत्रांतून उतरवलेली तुझी दोन्ही नावं. म्हणाला, या नावांचं जे जे मिळेल ते सगळं छाप. दुकानदाराने सांगितलं, आजोबा, इंग्रजीत आसा, शेकडो पानं होतील. म्हणाला, होऊ देत. मशीन तापून दोनदा बंद पडलं. लवू रिक्षाचं भाडं सोडून तिथेच गंमत बघत थांबला.

आता तो सकाळपासून वाचतोय. एक वाक्य कळत नाही, पण उठत नाही. त्याने शोधून काढलंय की प्रत्येक लेखात लिहिणाऱ्यांचे पत्ते असतात, आणि तुझ्या कामाचा आधार घेणाऱ्यांचेही लेख त्याने छापून आणलेत. टपालातला माणूस, पत्ते बरोबर वाचतो. मधेच मला हाक मारतो, "मथुरा, नैरोबी! मथुरा, हनोई! हय काय म्हणान लिवल्यानी बघ, वालावलकर बघ, पाटकर बघ." मी म्हणते, बघितलंय, मी आधीच बघितलंय. तो ऐकत नाही.

तुला फोन करायला घाबरतो. ते तो बोलणार नाही, पण सकाळी तीनदा फोन हातात घेऊन खाली ठेवलेला मी पाहिला. पोरी, तू कर किंवा करू नकोस. तुझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही, आणि तुला आता त्याच्या शब्दाची गरजही नाही. म्हणूनच मी मोकळ्या मनाने पुढचं सांगते.

सगळे लेख, आधीचे, मधले आणि आत्ताचे, त्याने एकाच पुस्तकात बांधून घेतले. कव्हर करायच्या वेळी दुकानदार अडला. म्हणाला, "आजोबा, वयर नाव कोणाचा छापू? हयसर दोन बायांची नावा आसत."

लवू म्हणतो, भाईने कागदावरच्या दोन्ही नावांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "दोन खंय? एकच आसा. लिही, माझ्या चेडवाचा काम."

तुझी,
आत्या